आमच्या लॉजचा अकरावा नंबर

आमच्या घरात लॉज दोन होती आणि भांडण एक. धारचं लॉज वसंतकाका बघत आणि देवासचं माझे वडील, म्हणजे अण्णा. आजोबांनी जाताना दोन्ही लॉज दोन्ही मुलांच्या नावावर ठेवली, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याच्या कारभारात नाक खुपसायची कायदेशीर सोय झाली. काका महिन्यातून एका रविवारी धारहून निघत, इंदूरला बस बदलून देवासला येत, आमच्याकडे आडवा हात मारून जेवत, आणि हात पुसता पुसता सांगत की लॉजमध्ये असलं जेवण देणं हा शुद्ध वेडेपणा आहे. अण्णा म्हणत, "मग दुसऱ्यांदा कढी का घेतलीस?" त्यावर काका म्हणत, "ती वेगळी बात आहे दादा." माझं सगळं बालपण या दोन वाक्यांच्या मध्ये गेलं.

काकांचं लॉज म्हणजे खोली, खाट, बादली आणि किल्ली. दारातच हिंदीत पाटी होती: 'यहाँ चाय नहीं मिलती। रास्ता न पूछें। बाल्टी जहाँ से ली, वहीं रखें।' मांडूला जाणारे प्रवासी, बागहून छापाच्या चादरींचे गठ्ठे घेऊन येणारे व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, सगळी तिथं उतरत, गपचूप झोपत आणि सकाळी नऊच्या आत चालू लागत. सगळ्या लॉजला मिळून नोकर एकच, गेंदालाल, आणि तोही बहुतेक वेळ स्टुलावर बसलेला. कोणी त्याला काही विचारलं की तो पाटीकडे बोट दाखवी. काकांना या बोटाचा फार अभिमान होता. ते म्हणत, "सोने का, उठने का, जाने का. लॉज म्हणजे एवढंच असतं."

आमच्या देवासच्या लॉजमध्ये मात्र झोपणं सोडून सगळं चाले. आग्रा रोडवरच्या ट्रकांचा आवाज, पंपाची धकधक आणि माझ्या आत्याचं खलबत्त्यातलं कुटणं, हे तिन्ही पहाटे पाचला एकदम सुरू होत. आत्या ही अण्णांची आणि काकांची थोरली बहीण; दोघंही तिला आक्का म्हणत. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि तिथंच राहिली. आई शाळेत शिकवायची, सातलाच घराबाहेर पडायची, त्यामुळे लॉजचं स्वयंपाकघर म्हणजे आत्या असंच सगळे धरून चालत. सकाळी पोहे, वर सेव, दुपारी वरणभात, दोन भाज्या, पोळ्या, कढी, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, रविवारी कणकेचे उकडून भाजलेले बाफले, आणि कोणाचं पोट बिघडलं असेल तर त्याच्यासाठी वेगळी मऊ खिचडी. गरम पाणी मागितलं की मिळे. न मागताही मिळे. एकदा लोहारद्याहून सोयाबीन घेऊन आलेल्या एका गृहस्थांना आत्यानं खोकल्याचा काढा दिला होता. ते खोकत नव्हते, पण त्यांचा चेहरा तिला तसा वाटला.

मी तेव्हा इंदूरला एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि लघुप्रबंधासाठी विषय शोधत होते. आमचे सर नुकतीच एक नवी पद्धत वाचून आले होते आणि कोणावर तरी ती वापरून बघायला त्यांचे हात शिवशिवत होते. पद्धत साधी होती. एका बाजूला लिहायचं की लॉजमध्ये आत काय गेलं: खोल्या, नोकरांचे तास, बादल्या, पीठ, दूध, तेल. दुसऱ्या बाजूला लिहायचं की बाहेर काय आलं: किती माणसं राहिली, किती जेवली, किती समाधानानं गेली. मग थोडं घालून जास्त कोण काढतो ते बघायचं. यातली गंमत म्हणजे ज्या लॉजचा हात ज्या गोष्टीत चांगला, त्या गोष्टीला त्यानं जास्त वजन द्यावं अशी मुभा होती. त्यामुळे नुसत्या खोल्या देणारा आणि जेवूखाऊ घालणारा या दोघांना एका रांगेत उभं करता येई. सर म्हणाले, "अशी पद्धत आहे की हरणाऱ्याला तक्रार करायला जागाच उरत नाही." मला वाटलं, ही तर आमच्या घरासाठीच शोधून काढली आहे.

पुढच्या रविवारी काका आले तेव्हा मी हे बोलून बसले. काकांनी कढीची वाटी खाली ठेवली. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "झालं तर मग," ते म्हणाले, "पोरीला मोजू दे. दादा, आकडा खराब आला तर हे स्वयंपाकघर बंद. तिथं दोन खोल्या काढू. बोला, मंजूर?" अण्णांचा चेहरा पडला, पण शिकलेल्या मुलीसमोर नाही म्हणणं त्यांना बरं वाटेना. "मंजूर," ते म्हणाले, "पण चांगला आला तर तू जन्मात परत हा विषय काढायचा नाही." दोघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत्या आतून पोळी लाटता लाटता म्हणाली, "मोजा की. मला काय." मला वाटलं, बिचारी किती धीरानं घेते आहे. आणि तिथल्या तिथं मी मनाशी पण केला की काही झालं तरी आत्याचं स्वयंपाकघर वाचवायचं.

आता दोन लॉजांवर ही पद्धत चालत नाही, निदान डझनभर तरी लागतात, असं सरांनी सांगितलं. म्हणून मी वही, टेप आणि मनगटावर आईचं घड्याळ घेऊन धार, देवास आणि आजूबाजूच्या रस्त्यांवरची आणखी दहा लॉज हिंडले. वीस-एकवीस वर्षांची मुलगी एकटी येते, खोल्या मोजते, 'तुमच्याकडे एका दिवसात किती दूध लागतं' विचारते आणि खोलीही घेत नाही, याचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या परीनं लावला. देवासच्या एका मालकांनी धरलं की मी मुलीकडच्यांची आहे आणि लग्नासाठी जागा बघायला आले आहे. त्यांनी मला हॉल दाखवला, मांडव कुठं घालता येईल ते दाखवलं, वर पेढे दिले आणि विचारलं, "मुलगा काय करतो?" मला नाही म्हणायला सुचेना, म्हणून मी 'बँकेत आहे' असं सांगून सुटले. धारच्या दुसऱ्या एका ठिकाणी मी सरकारी तपासणीची बाई असावी असं ठरलं, आणि त्यांनी आपल्या आचाऱ्याला तो धूम्रपान करत असल्यामुळे कोठीत लपवलं. मी दोन तास बसले. त्या दोन तासांत कोठीच्या दाराखालून धूर येत होता आणि मालक मला सांगत होते की इमारत जुनी आहे, असं होतं कधी कधी. मांडूच्या वाटेवरच्या नालछ्याच्या लॉजला दोनच खोल्या होत्या. मालक झाडाखाली बाजेवर पडून होते. मी विचारलं, "काल किती गिऱ्हाइकं आली?" ते म्हणाले, "एक भी नी." मी विचारलं, "आणि खर्च?" ते म्हणाले, "वो भी नी." ते इतक्या समाधानानं म्हणाले की पुढं काय विचारावं ते मला कळेना. सरांना सांगितलं तर ते म्हणाले की असं लॉज गणितात बसत नाही, त्याला शेवटचा नंबर देऊन टाका.

समाधान मोजणं सगळ्यांत कठीण गेलं. माझा नातू आता कुठंही जाऊन आला की मोबाइलवर तारे देतो. परवा त्यानं एका मोठ्या हॉटेलला एक तारा दिला आणि कारण लिहिलं, 'टॉवेल ओला'. तेव्हा तारे नव्हते. म्हणून मी धारला गेंदालालला सांगून ठेवलं होतं की जाताना जो माणूस हसेल त्याच्यासाठी भिंतीवर खडूनं एक रेघ ओढायची. आठवड्यानं गेले तर भिंत कोरी. "कोई नी हंस्यो, बई सा," गेंदालाल म्हणाला. मग जरा आठवून म्हणाला, "एक जणो हंस्यो थो, पण ऊ म्हारे पे हंस्यो थो." तो धरायचा की नाही यावर माझी आणि काकांची अर्धा तास वादावादी झाली. काकांचं म्हणणं, हसला तो हसला. शेवटी धरला.

देवासला आमच्याच घरात मोजणं मात्र फार सोपं गेलं, कारण आत्या मला हवी तेवढी मदत करत होती. मी पीठ तोलायला बसले की ती स्वतः परात पुढं सरकवी. संध्याकाळी माडीवर येऊन विचारी, "आजचं तेल लिहिलंस का गं? थोडं जास्तच लिही. सकाळी सांडलं होतं." दूध मी सात लिटर लिहिलं तर ती म्हणे, "आठ लिही. मांजरानं प्यालेलंही आपलंच की." मला तिच्या प्रामाणिकपणाचं इतकं कौतुक वाटे की डोळे भरून येत. मी तिला समजावलं, "आत्या, जितकं जास्त लिहिशील तितका आपला आकडा खाली जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. खोटं कशाला?"

तीन आठवड्यांनी सगळं सरांच्या हवाली केलं. त्यांनी ते विद्यापीठाच्या थंडगार संगणक खोलीत, चपला बाहेर काढून, यंत्राला खाऊ घातलं. निकाल आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. काकांचं लॉज पहिलं आलं होतं, पूर्ण गुण मिळवून. आमचं अकरावं. बारावं नालछ्याचं, जे गणितात बसतच नव्हतं. म्हणजे खरं पाहता आम्ही शेवटचेच. "नंबराचं राहू द्या," सर म्हणाले, "मला एक सांगा, तुमच्याकडे उतरतात ती माणसं आहेत ना?" मी म्हटलं, "म्हणजे?" सर म्हणाले, "तुमच्या आकड्यांप्रमाणे एक गिऱ्हाईक दिवसाला बावन्न पोळ्या खातं आणि सव्वा लिटर दूध पितं."

बसमध्ये बसल्यापासून देवासपर्यंत मी त्या बावन्न पोळ्यांचाच विचार करत होते. घरी आले, जिना न चढता तशीच लॉजच्या गल्ल्यापाशी बाकावर बसले आणि अण्णा काय करतात ते बघत राहिले. आजवर मी पीठ पाहिलं होतं, दूध पाहिलं होतं. अण्णांकडे पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळानं एक सद्गृहस्थ बॅग घेऊन आले. अण्णांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि नाव विचारलं. मग गाव. मग, "मूळचे कुठले?" मग, "देवासला कोणाकडे जाणंयेणं?" गृहस्थांनी कुणाचं तरी आडनाव घेतलं. अण्णा पुढं झुकले. "थोरल्या पातीचे की धाकट्या?" देवासला एके काळी दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. ते राजे गेले, त्यांची राज्यं गेली, पण अण्णा गल्ल्यावर बसून अजून ती हद्द राखत होते. गृहस्थ म्हणाले, "थोरल्या." अण्णांनी टाळी वाजवली. "अहो म्हणजे आमच्या मावसबहिणीच्या थोरल्या जाऊबाईंचे तुम्ही भाचे! आणि लॉजमध्ये उतरता? लाज नाही वाटत?" आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं, रजिस्टर मिटलं, आणि आत ओरडून सांगितलं, "आक्का, एक पान वाढवा, घरचेच आहेत!"

सगळा उलगडा झाला. आमच्याकडे येणाऱ्या दहा माणसांतली आठ-नऊ तिसऱ्या प्रश्नाला नातेवाईक निघत होती, आणि नातेवाइकाचं नाव रजिस्टरात लिहिणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून ती कुठंच लिहिली जात नव्हती. खोलीत झोपत होती, दोन वेळा जेवत होती, आंघोळीला कढत पाणी घेत होती आणि कागदावर नव्हती. जे मराठी नव्हते तेही सुटत नसत. लोहारद्याचे ते सोयाबीनवाले गृहस्थ आत्याच्या सासऱ्यांच्या ओळखीच्या पटवाऱ्याच्या गावचे निघाले होते, म्हणून तेही 'घरचेच'. जे काही केल्या नातेवाईक निघत नसत, त्यांचीच नावं रजिस्टरात होती, आणि त्यांच्याविषयी अण्णा हळहळत. मी पुढचे दहा दिवस गल्ल्याजवळ बसून टोपण लागलं की एक रेघ मारत राहिले. हे सगळे पाहुणे गिऱ्हाईक म्हणून धरले आणि सरांकडून आकडे पुन्हा काढून आणले, तर बावन्न पोळ्यांच्या नऊ झाल्या आणि आमचं लॉज अकराव्यावरून एकदम वर जाऊन काकांच्या शेजारी बसलं. सर म्हणाले, "पाहुणे धरायचे की नाही हे तुम्ही ठरवा. मी गणिताचा माणूस आहे." माझ्याकडे आता दोन वह्या होत्या, एक पाहुणे न धरलेली आणि एक धरलेली. कोणती वाचायची याचा मी एक मिनिटसुद्धा विचार केला नाही.

रविवारी काका आले. जेवणं झाली. मी दुसरी वही उघडून, लघुप्रबंधाच्या भाषेत, मध्ये मध्ये खोकत निकाल वाचला. धार पहिलं, देवासही पहिलं. काका ताडकन उठले. "पाहुणे कसे धरलेस? पाहुणा म्हणजे गिऱ्हाईक आहे का?" मी म्हटलं, "काका, राहिले की नाही?" "राहिले." "जेवले की नाही?" "जेवले, पण..." "मग त्यांना धरायचं नाही तर कशात धरायचं?" काकांनी धारकडच्या दिशेनं पाहिलं, जणू गेंदालाल तिथून बोट दाखवणार होता. मग ते मटकन बसले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही लॉज नाही, रिश्तेदारी चालवून राहिलात. पण आकडा म्हणतोय तर ठीक आहे. मी आता काही बोलणार नाही." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला जवळ घेतलं, काकांना मिठी मारली, आणि मग आनंदानं आतल्या दाराकडे बघून ओरडले, "आक्का! वाचलं तुमचं स्वयंपाकघर! संध्याकाळी श्रीखंड होऊन जाऊ दे, सगळ्यांना!" आणि आत्यानं चक्का टांगायला घेतला. शेजारपाजारचे धरून तीस माणसं जेवली. मी पाच वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे स्वयंपाकघरात जरा सामसूम असते तेव्हा, मी पाणी प्यायला गेले. आत्या भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि सुपात तांदूळ निवडत होती. "शैले," ती म्हणाली, "ती पहिली वही आहे का गं तुझ्याकडे? पाहुणे न धरलेली?"

"आहे की."

"त्यात कितवा नंबर होता आपला?"

"अकरावा."

"बारांत?"

"हो."

आत्यानं एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग तीच वाचायची होतीस."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. "अगं, तुझं स्वयंपाकघर बंद झालं असतं!"

"हो. झालं असतं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, शिकलेली पोर आहे, मोजून राहिली आहे, निघेल आता काही तरी. मी आपण होऊन म्हटलं असतं तर तुझा बाप मधू तोंड पाडून बसला असता, आक्का कशावर रुसल्या म्हणून. वसंताला वाटलं असतं त्याच्या बोलण्याचा राग आला. आकडाच बोलला असता तर कोणाला काही म्हणता आलं नसतं. कोणाचं मनही मोडलं नसतं."

मी हातातला पेला ओट्यावर ठेवला. मग विचारलं, "बंद झालं असतं तर काय केलं असतंस?"

"वसंताच्या लॉजात जाऊन आठ दिवस राहिले असते," ती लगेच म्हणाली. इतकी लगेच, की हे तिनं पुष्कळदा मनात करून झालं होतं हे मला कळलं. "खोली घेऊन. त्याच्या घरी नाही हं, लॉजात. तिथं म्हणे कोणी कोणाला काही विचारत नाही."

"मग मला आधी का नाही सांगितलंस, आत्या?"

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पीठ विचारलंस, तेल विचारलंस. नालछ्याच्या त्या माणसाला विचारायला गेलीस, उन्हातान्हात."

मला आयुष्यात पुष्कळदा लाज वाटली आहे. कॉलेजात शिकवताना, मुलांना वाढवताना, आणि आता सुनेशी बोलतानाही. पण त्या दुपारी वाटली तशी पुन्हा वाटली नाही. ज्या माणसासाठी मी एवढा खटाटोप केला, त्यालाच एक साधा प्रश्न विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि वर मी स्वतःला फार प्रेमळ समजत होते. त्या लघुप्रबंधाला पुढं चांगले गुण मिळाले. तो मी कोणाला दाखवत नाही.

संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. "आक्का थकतात?" असं त्यांनी दोनदा विचारलं, जणू मी त्यांना एखाद्या परक्या बाईची बातमी सांगत होते. "मला वाटलं त्यांना आवडतं." मग त्यांनीच काकांना फोन लावला. दोन दिवसांनी आत्या एक पिशवी घेऊन धारच्या बसमध्ये चढली, आणि स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं.

त्याबद्दल थोडक्यात सांगते. मला पिठलं येत होतं. दुसरं काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी पिठलं, दुसऱ्या दिवशी पिठलं, तिसऱ्या दिवशी जरा पातळ पिठलं. आई शाळेतून दमून येऊन पोळ्या करू लागे आणि माझ्याकडे न बघता लाटत राही. चौथ्या दिवशी अण्णांच्या मावसबहिणीच्या त्या थोरल्या जाऊबाईंचे भाचे स्वतः गल्ल्यावर येऊन म्हणाले, "काका, खरं सांगायचं तर आमचं तुमचं नातं फारच लांबचं आहे हो," आणि चौकातल्या भोजनालयात जेवायला गेले. धारहून काकांचे रोज फोन येत. पहिल्या दिवशी: "आक्कांनी रजिस्टरात सही केली. मी घरी चला म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारले." तिसऱ्या दिवशी: "अगं, त्या आतून कडी लावून झोपल्या आहेत. सकाळपासून. मी काय करू?" मी म्हटलं, "काही करू नका." काका म्हणाले, "ते तर मला येतं. पण त्या माझ्या बहीण आहेत ना." पाचव्या दिवशी कळलं की आत्या दुपारी एकटीच कोपऱ्यावर जाऊन भज्यांची पुडी घेऊन आली, खाटेवर बसून खाल्ली आणि पुन्हा झोपली. काका ते कुजबुजत्या आवाजात सांगत होते.

आठव्या दिवशी मी तिला आणायला धारला गेले. बस पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. गेंदालालनं मला बघून तोंडावर बोट ठेवलं. "बई सा सोई री हे," तो म्हणाला, आणि स्वतःचं स्टूल मला दिलं. त्यानं ते कोणाला दिल्याचं त्याआधी ऐकिवात नव्हतं. मी चार नंबरच्या खोलीबाहेर बसून राहिले. अर्ध्या-पाऊण तासानं कडी वाजली आणि आत्या दारात आली. तिचे केस मोकळे होते. गालावर उशीच्या शिवणीचा वळ उठला होता. मी तिच्याच हाताखाली वाढले, पण झोपून उठलेली आत्या मी तोवर पाहिलीच नव्हती; आम्ही उठायचो तेव्हा ती कामाला लागलेली असायची आणि आम्ही झोपायचो तेव्हाही ती जागीच असायची. ती मला फार लहान वाटली, माझ्याहूनही लहान.

मला बघून तिचा चेहरा उतरला. तिनं हातांनी केस मागं घेतले, अंबाडा बांधायला लागली आणि म्हणाली, "झाले का गं आठ दिवस? थांब, पिशवी भरते."

"आत्या," मी म्हटलं, "तुला आणखी किती दिवस राहायचं आहे?"

तिचे हात केसांतच थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मागं वळून खोलीतल्या खाटेकडे, बादलीकडे आणि बंद खिडकीकडे पाहिलं. हा प्रश्न तिला सवयीचा नव्हता, त्यामुळे तिला वेळ लागला. मी घाई केली नाही.

"चार," ती अखेर म्हणाली. आणि मग, मी कदाचित नाही म्हणेन अशा धास्तीनं, अगदी हळू, "पाच चालतील?"